भरती आज जरा उशिरा येतेय

झांजिबारची खाडी पाहायला आम्ही गेलो, त्या दिवशी आम्ही ओमानच्या बाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. खरं सांगायचं तर दुपारनंतर कुठेच पाऊल टाकता आलं नाही, कारण पाऊल चिखलात होतं. पावलातला बूटही चिखलात होता. पाऊल पुढे बाहेर आलं. बूट अजून तिथेच आहे.

मस्कतच्या अल हैलमध्ये आम्ही राहतो तो व्हिला बीबीचा. खाली बीबी, वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: मी, बायको मेधा आणि मुलगी ईशा. मी रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहे. मेधा माहेरची पुण्याची, म्हणजे पाणी या विषयातलं तिचं ज्ञान नळ किती वाजता येतो एवढ्यापुरतं (असं मी त्या दिवसापर्यंत म्हणायचो). ईशा तेरा वर्षांची. जन्म मस्कतचा, शाळा इंडियन, मैत्रिणी केरळच्या. त्यामुळे तिचं मराठी पाहुण्यासारखं, येतं पण जरा अवघडून बसतं.

बीबी ओमानी, पण जन्माची झांजिबारी. तिकडे आजीला बीबी म्हणतात, आणि हिला अख्खी गल्लीच बीबी म्हणते. पंच्याहत्तरीच्या आसपासची, गोल चेहऱ्याची, फुलाफुलांचा झगा घालणारी, हातात काठी. बहिणींशी फोनवर स्वाहिली, दुकानात अरबी आणि आमच्याशी हिंदी. लहानपणी तिच्या गल्लीत कच्छी दुकानदार होते आणि गावातल्या थिएटरात हिंदी सिनेमे लागायचे. तेवढ्या भांडवलावर ती हिंदी बेधडक चालवते.

संध्याकाळी अंगणातल्या बदामाखाली बीबी काहवा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, घेऊन बसली की तिची खाडी सुरू व्हायची. तिचं घर खाडीच्या वळणावर होतं. पाण्यात मुळं सोडून उभी असलेली झाडं, त्यांच्या सावलीत हिरवंगार पाणी, वडिलांची छोटी होडी. वारा जमिनीकडून आला की वाळत घातलेल्या लवंगांचा वास यायचा आणि समुद्राकडून आला की माशांचा. "दोनों साथ में आया," बीबी म्हणायची, "तो समझो बारिश." दहा-अकरा वर्षांची असताना ती घरच्यांबरोबर जहाजात बसून तिथून निघाली, ती पुन्हा कधी गेली नाही. पण सांगताना ती डोळे मिटायची, आणि ऐकताना आमचेही मिटायचे.

माझी अडचण अशी होती की ती सांगायची ती खाडी माझी होती! रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठावर आमचं गाव. तीच मुळं, तेच हिरवं पाणी, लवंगांच्या जागी काजूची बोंडं धरा. आजोबा खाडीवर माणसं पलीकडे नेणारी होडी चालवायचे. त्यामुळे बीबीची खाडी संपली की माझी सुरू व्हायची, आणि दोघांत चुरस लागायची. तिच्याकडे खेकडे ताटाएवढे, तर माझ्याकडे परातीएवढे. मेधा म्हणायची, "आता एक दिवस खेकडाच तुम्हा दोघांना घेऊन जाणार आहे."

आता मुद्द्याची गोष्ट. बीबीचा मुलगा सालिम दुबईला असतो. तो दर वर्षी आईसाठी झांजिबारचं तिकीट काढायला निघतो, आणि दर वर्षी बीबीचे गुडघे दुखायला लागतात. या वर्षी त्याने निर्वाणीचं सांगितलं होतं, की या आठवड्यात हो किंवा नाही काय ते कळव, मी पुन्हा विचारणार नाही. बीबीचे गुडघे ताबडतोब दुखायला लागले. त्या संध्याकाळी तिने मेधाचा हात धरला आणि खरं कारण सांगितलं.

"बेटी, मैं उधर रोज जाती हूँ. सपने में. घर है, पानी है, बाबा की नाव है. सच्ची में जाऊँगी और कुछ नहीं होगा, तो फिर सपने में किधर जाऊँगी?"

मेधा तिचा हात थोपटत राहिली. काय करायचं ते मला मात्र कळलं. (मला नेहमीच कळतं, हाच माझा रोग आहे.) मी म्हटलं, "बीबी, पहले इधर एक खाडी देखो. रंगीत तालीम." रंगीत तालीम तिला समजावून सांगताना माझी दमछाक झाली, पण कल्पना तिला पटली. सूर गावाच्या अलीकडे एक खाडी होती, तिवरांनी भरलेली. तिथे बीबीच्या भाच्याची, खमीसची होडी होती. खमीस बँकेत नोकरीला. होडी फक्त सुट्टीच्या दिवसासाठी. बीबीने माझ्यासमोरच त्याला फोन लावला आणि अरबीत बराच वेळ माझ्याबद्दल बोलली. फोन ठेवून म्हणाली, "मैंने बोला, तू कुछ चिंता मत कर. हमारा किरायेदार है, उसको खाडी का सब मालूम है."

माणसाची छाती अशा वेळी फुगते. फुगलेल्या छातीने मी स्वयंपाकघरात गेलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. (ते दर वर्षी कुणीतरी गावाहून बॅगेत गुंडाळून आणतं.) शुक्रवार, पौर्णिमा. आता आजोबांचा हिशेब असा होता की तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे सव्वा अकराला खाडी काठोकाठ. आपण साडेदहाला होडीत बसायचं, भरतीबरोबर आत जायचं, दोनपर्यंत आरामात बाहेर.

"बाबा, ॲपवर बघू या ना?" ईशा म्हणाली. "टाइड्सचं ॲप असतं."

"ईशा, ज्याच्या रक्तात खाडी आहे त्याला ॲप लागत नाही."

"डॉक्टर रक्तात साखर आहे म्हणाले होते," मेधा कणीक मळता मळता म्हणाली. "आणि ही सव्वा अकरा गावची की इथली? दीड तासाचा फरक आहे."

"मेधा, समुद्र एकच आहे. तिथे लागतो तोच इथे लागतो."

"फोन पण तोच लागतो. तरी तुम्ही आईंना रात्री झोपेतून उठवताच ना?"

पुणेकरांना समुद्र समजावून सांगण्यात अर्थ नसतो. मी विषय संपवला, आणि वर एक नियमही काढला: उद्या फोन गाडीत राहतील. स्वप्नात कुणाचा फोन वाजत नाही, खाडीतही वाजता कामा नये. ईशाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी तिला श्वासही गाडीत ठेवायला सांगितला होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा खाडी खरोखरच भरलेली होती. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. दोन्ही बाजूंना तिवरं, मागे तांबूस उघडे डोंगर, आणि डोंगरांचं प्रतिबिंब पाण्यात इतकं स्वच्छ, की डोंगर कुठले खरे असा प्रश्न पडावा. खमीस पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्यात, उभा होता. त्याने निळी होडी दाखवली, सगळ्यांना लाइफ जॅकेटं घातली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "अर्बाब," म्हणजे साहेब, "पानी का मालूम है ना?"

"खमीस, मेरा दादा होडीवाला था."

"खलास," तो म्हणाला आणि जुम्म्याच्या नमाजाला निघून गेला. नमाजानंतर गावातल्या दुसऱ्या मावशीकडे जेवण आणि एक झोप, मग येतो म्हणाला. 

आम्ही निघालो. मी वल्ही मारत होतो (पाचवी-सहावीनंतर पहिल्यांदाच, पण हात विसरत नाहीत, पाठ विसरते). पहिल्या वळणानंतर रस्त्याचा आवाज गेला, दुसऱ्या वळणानंतर आमचाही. फक्त वल्ह्याचं पाणी थेंबथेंब पडत होतं. पांढरे बगळे तिवरांवर बसून होते, ते उडण्याचीही तसदी घेत नव्हते. ईशा होडीच्या कडेवर हनुवटी टेकून पाण्यात बोटं सोडून बसली होती. तिला फोनची आठवण नव्हती, मेधाला उद्याच्या डब्याची नव्हती. बीबी पुढे बसली होती. एका ठिकाणी फांद्या इतक्या खाली आल्या होत्या की आम्हाला वाकावं लागलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "इधर से मुड़ो, तो हमारा घर."

मी वळलो. घर नव्हतं, पण एक अरुंद फाटा होता, आणि त्याच्या शेवटी तिवरांच्या सावलीत एवढंसं तळं. तिथे आम्ही थांबलो. मेधाने थालीपीठं काढली, बीबीने हलवा आणि काहवा. थालीपिठाबरोबर ओमानी हलवा खाऊन पाहा, वाईट लागत नाही.  पाणी होडीला थोपटत होतं. बीबीचे डोळे मिटले, मेधाची मान माझ्या खांद्यावर आली (लग्नानंतर पहिली काही वर्षं यायची), आणि मीही डोळे मिटले. इतकी गाढ झोप मला मस्कतच्या एसीत कधी लागली नव्हती.

जाग आली ती शांततेने. होडी डुलत नव्हती, थोपटणंही थांबलं होतं. मला वाटलं, वा, काय ही निश्चलता! मग मी वल्हं उचलून पाण्यात घातलं आणि ते पाण्याऐवजी कशात तरी घट्ट बसलं. खाली पाहिलं. होडीच्या चारी बाजूंना करड्या रंगाचा, लखलखीत, मऊ चिखल होता, आणि त्यात एक छोटी धार शरमल्यासारखी समुद्राकडे निघाली होती. दुपारचा एक वाजला होता.

"अहो," मेधा जागी होत म्हणाली, "पाणी कुठे आहे?"

माझ्या हिशेबाने सव्वा अकराला काठोकाठ असलेली खाडी एक वाजता रिकामी होणं अशक्य होतं. तेव्हा एकच शक्यता उरत होती.

"भरती आज जरा उशिरा येतेय," मी म्हणालो.

"भरती काय तुमच्या रुसैलची बस आहे?"

बीबी खुदकन हसली. मी मात्र कृतीत उतरलो, म्हणजे शब्दशः उतरलो. माझा विचार असा, की मी कोकणातला, चिखल मला ओळखतो. होडी जरा ढकलली की धारेला लागेल. पण चिखलाने ओळख दाखवली नाही. पहिल्या पावलाला घोटा, दुसऱ्याला गुडघा, आणि होडीला हात लावेपर्यंत मी मांडीपर्यंत आत. होडी तसूभर हलली नाही. मी जोर लावला, तेव्हा होडीऐवजी मीच आणखी खाली गेलो.

"बाबा, तुम्ही शॉर्ट होताय," ईशाने निरीक्षण नोंदवलं.

मेधाने एक वल्हं माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक धरून ओढायला लागली. ईशाने मेधाची कंबर धरली. बीबीने ईशाची ओढणी. असा तिघींनी मला चिखलातून मुळ्यासारखा उपटला. मी होडीत पडलो, बूट खाली राहिला, आणि गडबडीत दुसरं वल्हं, जे मी मघाशी पाण्याचा अंदाज घ्यायला रोवलं होतं, ते तिथेच उभं राहिलं. हातभर अंतरावर, पण इतकं घट्ट की ओढून निघेना. थोड्या वेळाने एक बगळा आला आणि त्या वल्ह्यावर बसला. तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. माझ्याकडेच बघत होता.

एकाच वल्ह्याच्या, पाणी नसलेल्या होडीत आम्ही चौघं. फोन गाडीत, गाडी किनाऱ्यावर, खमीस त्या दुसऱ्या मावशीकडे झोपेत. चिखल बीबीला तुडवता येण्यासारखा नव्हता, आणि तिला एकटं सोडून कुणी जाण्याचा प्रश्नच नव्हता.  माझी फजिती झाली तर झाली, तिची मला सवय आहे. पण बीबी तालमीला आली होती. आता तिने घरी जाऊन सालिमला काय सांगायचं, की मी खाडी पाहिली, तिच्यात पाणीच नव्हतं? तिच्या स्वप्नातही आता चिखलच येणार, आणि तो मी आणून दिलेला. मला फार वाईट वाटलं. मी बीबीची माफी मागायला तोंड उघडलं.

पण बीबी बोटांची पेरं मोजत होती. अंगठा करंगळीपासून सुरू होऊन तर्जनीपर्यंत आला, परत गेला, आणि थांबला.

"शशी, घबराओ मत. आज पूरा चाँद है ना? पूरा चाँद में पानी चार बजे भरता है. बाबा ने सिखाया. चार बजे नाव अपने आप उठेगी."

मला काय हर्ष झाला म्हणून सांगू! माझं गणित हुकलं होतं, पण गणित करणारं माणूस होडीत आणखी एक होतं, आणि तेही चंद्रावरून. "बघ," मी मेधाला म्हणालो, "म्हटलं नव्हतं उशिरा येतेय म्हणून?"

चार वाजेपर्यंत आता आम्ही निवांत होतो. खरं तर त्या दोन-तीन तासांइतकं सुंदर काही मी इतक्या वर्षांच्या ओमानात पाहिलं नव्हतं. पाणी गेल्यावर खाडी वेगळीच जागी झाली. बिळाबिळांतून लाल खेकडे बाहेर आले आणि एकेक नांगी वर करून आम्हाला बोलावू लागले. निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या. ईशाला मी सांगितलं की हे मासे असून जमिनीवर चालतात, तर ती म्हणाली, "आणि तुम्ही माणूस असून चिखलात जाता." अख्खं वाक्य मराठीत, एकदाही न अडखळता. मला इतका आनंद झाला की मी अपमान लक्षातच घेतला नाही.

मग बीबीने आपली खाडी सांगितली, मी माझी सांगितली. पण या वेळी चुरस लागली नाही. तिवरांना तिच्याकडे मिकोको म्हणतात, इथे गुर्म म्हणतात. ईशा तिन्ही नावं पुटपुटत राहिली. ऊन हळूहळू पिवळं झालं. 

चार वाजले. मी होडीतून वाकून पाहिलं. मघाशी शरमून निघालेली ती छोटी धारही आता गेली होती. खाडीत एवढं कमी पाणी असू शकतं हे मला माहीत नव्हतं. काहव्याच्या थर्मासात जास्त होतं.

बीबीने पाहिलं. मी पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"एका होडीत दोन तज्ज्ञ," मेधा थर्मास बंद करत म्हणाली, "तरी म्हटलं पाणी का घाबरलं."

आणि तेव्हा बीबी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग सगळी होडी. त्या दिवशी होडी हलवणं फक्त तिला जमलं. डोळे पुसत ती म्हणाली, "शशी, तेरा टाइम तेरे खाडी का. मेरा टाइम मेरे खाडी का. ये बेचारा तीसरा है. इसका टाइम किसी ने पूछा ही नहीं."

 इतकी वर्षं या देशात राहतो, पगार इथला घेतो, मुलगी इथली, पण भिंतीवर कॅलेंडर गावचं आणि डोक्यात भरती आजोबांची. बीबीचंही तेच. दोघं आपापली खाडी काखेत मारून फिरतो आणि तिसरीच्या दारात जाऊन तिला वेळ सांगतो.

बीबी चिखलाकडे बघत म्हणाली, "उधर का टाइम भी बदल गया होगा. कौन जाने. जाके पूछना पड़ेगा." आणि आम्ही काही बोलायच्या आत तिने चपला काढल्या, झगा वर खोचला आणि पाय होडीबाहेर टाकले.

"बीबी, गुडघे!" मेधा ओरडली.

"गुटना घर पे है," बीबी म्हणाली.

दिवसभरात तिवरांजवळच्या उंच कडेचा चिखल वाळून जरा घट्ट झाला होता, हे तिला दिसलं आणि मला दिसलं नव्हतं. एका हाताने काठी, दुसऱ्याने ईशा, असं धरून ती चार पावलं गेली आणि दाणकन बसलीच, चिखलात, मांडी घालून. आम्ही धावलो. तिला काही झालं नव्हतं. ती बोटाने चिखलात बिळं उकरत होती आणि खेकड्यांना स्वाहिलीत काहीतरी सांगत होती. मग आम्हीही बसलो. मेधाने आधी रुमाल अंथरला. मग तोही दिसेनासा झाला.

खमीस आला तेव्हा आम्ही असे बसलेलो. तो तिवरांपलीकडच्या कोरड्या काठावरून फिरून आमच्या समोर आला होता. मध्ये रुंद चिखल. झोपून उठलेला, दिशदाशा अजून कडक इस्त्रीचा. त्याने आपल्या मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्बाब," तो ओरडला, "पानी किधर है?"

"आ रहा है," मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं.

त्याने फोनवर पाहिलं. "सुबह साढ़े नौ बजे आया था. अब मग़रिब के बाद आएगा." म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर. मग त्याने आमचा फोटो काढला. तो फोटो त्यांच्या घरच्या ग्रुपवर गेला, आणि पाचच मिनिटांत खमीसचा फोन वाजला. दुबईहून सालिम.

खमीस फोन उंच धरून ओरडला, "खाला, सालिम बोलता है, अम्मी कीचड़ में क्यों बैठी है? और बोलता है, तिकट का क्या? आखिरी बार पूछता है."

ईशाने माझा हात घट्ट धरला. बीबीने चिखलाने माखलेली काठी वर केली.

"बोल दो, हाँ. और बोलो दो तिकट. उसको भी आना पड़ेगा, मेरे को कीचड़ से निकालने को."

मेधाला रडू आलं. मलाही आलं, पण माझे हात चिखलाचे असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. पुसले तेव्हा माझं जे काही झालं, त्याचाही खमीसने फोटो काढला.

सूर्य डोंगरामागे गेला, आणि पाणी आलं. आवाज न करता आलं. आधी बिळांतून चमकलं, मग धार झाली, धारेचा ओढा झाला. आम्ही बीबीला होडीत बसवलं. मागे तिवरांच्या वर पौर्णिमेचा चंद्र निघाला, पाण्याच्याच रंगाचा.  मग होडी एकदा हलली, आणि खालून कुणीतरी थोपटल्यासारखं झालं. वल्ह्यावरचा बगळा उडाला. ते वल्हं सुटून तरंगत आमच्याकडे आलं आणि मी ते घेतलं. बीबी डोळे उघडे ठेवून बसली होती. सबंध परतीच्या वाटेवर तिने एकदाही ते मिटले नाहीत.

घरी पोचल्यावर बीबीचे गुडघे खरोखर दुखायला लागले, तिने मेधाकडून ते शेकून घेतले, आणि पुढच्या महिन्यात सालिमबरोबर झांजिबारला गेली.

तिचा पहिला निरोप आला तेव्हा आम्ही जेवत होतो. ईशाने फोन टेबलावर ठेवला. आधी नुसतं पाणी ऐकू आलं, कितीतरी वेळ. मग बीबी म्हणाली, "घर नहीं है. घर की जगह होटल है. लेकिन मोड़ वही है, पानी वही है. शशी, चार बजे पूरा भरा." तिचा आवाज ओला होता आणि हसराही होता. मेधा उठून उगाचच आमटी गरम करायला गेली.

लगेच दुसरा निरोप. "इधर नाववाला पूछता है, इतना साल के बाद कैसे आई? मैंने बोला, हमारा किरायेदार रत्नागिरीवाला है, उसको खाडी का सब मालूम है. अभी ये पूछता है, परसों सुबह हमको उस पार जाना है, पानी कब मिलेगा? इसके फोन में बैटरी नहीं है. तू हिसाब कर के बता."

माझी छाती पुन्हा फुगली. मी ताट तसंच सोडून उठलो, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, परवाची तिथी पाहिली, तिची पाऊणपट केली, आणि निरोप पाठवायला फोन हातात घेतला. मग मेधाचं लक्ष नाही असं बघून ईशाच्या कानाशी वाकलो.

"ईशा," मी म्हणालो, "तुझं ते ॲप झांजिबारचं पण दाखवतं का गं?"